देणगीदार फोन घेत नाहीत, माजी विद्यार्थी फिरकत नाहीत

पत्र : "सोलापुरातल्या एका अनुदानित महाविद्यालयात मी शिकवते. दोन वर्षांपूर्वी माजी विद्यार्थी संघाचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या मेळाव्याला सव्वादोनशे जण आले, यंदा जेमतेम साठ. २०१९ साली अभ्यासिकेसाठी दोन लाख रुपये देणारे आमचे एक जुने विद्यार्थी पुण्याला असतात, ते आता फोनच घेत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सुप्रभात आणि राजकारण याशिवाय काही नसतं. प्राचार्य म्हणतात, मार्चच्या आत इमारत निधीचं आवाहन सगळ्यांना पाठवा, नॅकलाही (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेलाही) दाखवता येईल. मला ते पाठवायला संकोच वाटतो. काय करू?" — एक प्राध्यापिका, सोलापूर

ताई,

तुमचा संकोच रास्त आहे. आवाहन आत्ता पाठवू नका. वर्षानुवर्षं ज्यांना महाविद्यालयाकडून एक ओळ गेलेली नाही, त्यांच्या हातात पहिलंच पत्र पैशाचं पडलं की पुढची पत्रं उघडलीच जात नाहीत. देणगीदार दुरावतात ते बहुतेक वेळा एकाच कारणाने : दिलेल्या पैशाचं पुढे काय झालं, हे त्यांना कुणी कळवत नाही. माजी विद्यार्थी फिरकत नाहीत, कारण कॉलेजात येऊन करायचं काय हे त्यांना कुणी सांगत नाही. तेव्हा क्रम असा ठेवा : आधी जुन्या पैशाचा हिशोब, मग माणसांना काम, आणि पैसे सगळ्यात शेवटी.

पुण्याच्या त्या गृहस्थांपासून सुरुवात करा. त्यांना फोन करू नका, पत्र पाठवा. त्याआधी दोन तास कार्यालयात बसा. डेड स्टॉक रजिस्टर (टिकाऊ वस्तूंची नोंदवही) काढून २०१९-२० सालच्या नोंदी पाहा : त्या रकमेतून किती टेबलं, किती खुर्च्या, किती पंखे आले, बिलं कितीची झाली, काही रक्कम उरली का, उरली असेल तर ती कुठल्या खात्यात आहे. ग्रंथपालांकडून अभ्यासिकेच्या सही-रजिस्टरातला एका महिन्याचा आकडा घ्या. महिना परीक्षेआधीचा घ्या, म्हणजे खरा वापर दिसतो. मग एका पानाचं पत्र लिहा. पहिल्या परिच्छेदात रक्कम, तारीख आणि पावती क्रमांक. दुसऱ्यात काय घेतलं आणि कितीला. तिसऱ्यात आज तिथे रोज किती मुलं बसतात, किती वाजेपर्यंत बसतात. चौथ्यात एकच वाक्य : हे कळवायला इतकी वर्षं लागली, याबद्दल महाविद्यालय दिलगीर आहे. सोबत एक फोटो, मुलं वाचत बसलेली असताना मागच्या बाजूने काढलेला. फीत कापतानाचा जुना फोटो नको, तो त्यांच्याकडे आहेच. खाली प्राचार्यांची सही. आणि पत्रात कुठेही मागणी नको, "असाच लोभ असावा" हेसुद्धा नको. त्या वाक्याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

एखादी वस्तू मोडली असेल, संगणक बंद पडले असतील, तर तेही लिहा. दोन लाख देणाऱ्याला सहा वर्षांत खुर्च्या मोडतात हे ठाऊक असतं. हिशोबात रक्कम जुळत नसेल, तर मात्र आधी प्राचार्यांशी बोला आणि उत्तर सापडेपर्यंत पत्र थांबवा. अर्धवट हिशोब पाठवण्यापेक्षा महिनाभर उशीर परवडला.

पत्र टपालाने जाऊ द्या, स्पीड पोस्टने. पंधरा-वीस दिवसांनी एक फोन करा आणि एवढंच विचारा की पत्र मिळालं का, आणि सोलापूरला येणं झालं तर साध्या दिवशी दुपारी चारला अभ्यासिकेत चक्कर टाकाल का. साधा दिवस मुद्दाम म्हणतो. कार्यक्रमाच्या दिवशी देणगीदाराला स्टेज दिसतं, आपण दिलेली खोली दिसत नाही. तेव्हाही त्यांनी फोन घेतला नाही, तर आग्रह सोडा आणि दरवर्षी जूनमध्ये तसंच एक पान पाठवत राहा. असे सगळे मिळून तुमच्याकडे पंधरा-वीस देणगीदार असतील. इतकी पत्रं एका सुट्टीत होतात.

आता यादी. बहुतेक संघ इथे फसतात, कारण पहिल्याच दिवशी हजारो नावांची एक्सेल फाईल करायला घेतात. तुम्ही ३०० नावं घ्या, पण ती जिवंत असू द्यात, म्हणजे गेल्या वर्षभरात ज्या नंबरवर कुणीतरी खरंच बोललं आहे असे नंबर. रकाने एवढेच : कॉलेजातलं नाव, आत्ताचं नाव, शाखा आणि शेवटचं वर्ष, गाव, व्यवसाय, मोबाईल, स्वतःचा ईमेल, शेवटचं बोलणं कधी झालं आणि कोणाशी. "कॉलेजातलं नाव" हा रकाना गाळू नका. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुली जनरल रजिस्टरमध्ये (प्रवेशाच्या नोंदवहीत) सापडत नाहीत, आणि म्हणून आपल्याकडच्या माजी विद्यार्थी संघांच्या याद्या पुरुषांच्याच होऊन बसतात. निम्मं कॉलेज यादीबाहेर राहतं.

दर तुकडीला शाखेनुसार एक प्रतिनिधी नेमा आणि त्याच्याकडे २५ ते ३० नावंच द्या. प्रतिनिधी निवडताना सर्वात यशस्वी माणूस शोधू नका. वर्गात वह्या गोळा करून सरांकडे नेणारी, सहलीचा हिशोब ठेवणारी एक व्यक्ती प्रत्येक वर्गात होती, ती शोधा. सोलापुरात राहणारी असेल तर उत्तमच.

नवे नंबर मिळण्याची एक जागा तुमच्या कार्यालयातच आहे, आणि तिच्याकडे कुणी पाहत नाही. दुबार टीसी, बोनाफाईड, ट्रान्सक्रिप्ट, पडताळणी यांसाठी माजी विद्यार्थी आपणहून खिडकीशी येतात. २००४ साली सोलापूर विद्यापीठ सुरू झालं, त्याआधीच्या मुलांच्या पदव्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या. परदेशी जाणाऱ्या किंवा पेन्शनची कागदपत्रं जमवणाऱ्या माणसाला कुठलं काम इथे आणि कुठलं कोल्हापुरात, हेच कळत नाही. खिडकीवरच्या लिपिकाने "उद्या या" म्हटलं की तुमचा मेळावा तिथेच पडला. त्याऐवजी एक छापील अर्धं पान ठेवा : कुठला दाखला कुठे मिळतो, सोबत काय लागतं, शुल्क किती, किती दिवस लागतात. मागच्या बाजूला संपर्काचे वरचे रकाने, आणि "महाविद्यालयाने मला कळवत राहावं, माझी हरकत नाही" अशी सही. ही संमती घ्याच. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा (डेटा) संरक्षण कायद्यानंतर कुणाचाही नंबर उचलून ग्रुपमध्ये टाकणं बरोबर नाही. तसंही ते कुणाला आवडत नव्हतंच.

शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून हेच पान टीसी देताना भरून घ्या. त्यांचा नंबर वर्षभरात बदलतो, म्हणून घरचा एक नंबर जास्तीचा घ्या. मात्र त्या वेळी संघाची वर्गणी सक्तीने कापू नका. शंभर-दोनशे रुपयांसाठी जन्मभराची नाराजी पदरात पडते.

व्हॉट्सअ‍ॅपचं सांगायचं तर सगळ्यांचा एकच मोठा ग्रुप बंद करा. तुकडीचे ग्रुप त्यांचे त्यांना चालवू द्या. महाविद्यालयाने फक्त ब्रॉडकास्ट लिस्ट ठेवावी, म्हणजे एकच संदेश प्रत्येकाला वेगवेगळा जातो. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात. एक गोष्ट नवख्यांना ठाऊक नसते : ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्यांना ब्रॉडकास्टचा संदेश पोचतच नाही. म्हणून प्रतिनिधींमार्फत आधी "हा महाविद्यालयाचा नंबर, सेव्ह करा" एवढं करून घ्या. नंबर संघाच्या मालकीच्या सिमचा असू द्या, तुमचा स्वतःचा नको. उद्या हे काम दुसऱ्या कुणाकडे गेलं तर सगळी ओळख तुमच्या फोनबरोबर जाईल. आवडत्या सरांच्या निवृत्तीनंतर निम्मे माजी विद्यार्थी तुटतात, त्याचं कारणही हेच. नातं त्या सरांशी होतं, कॉलेजच्या दप्तरात त्याची नोंद कुठेच नव्हती.

वर्षाला चार निरोप पुरेत : जूनमध्ये हिशोब, गणपतीच्या आसपास कॅम्पसची बातमी, डिसेंबरात मेळाव्याचं निमंत्रण, आणि चौथा मागणीचा. प्रत्येक निरोप फोनच्या एका पडद्यात मावावा.

आता कामाचं. माजी विद्यार्थ्याला कॅम्पसशी जोडायचं तर त्याला काहीतरी ठरलेलं, लहान आणि संपणारं काम द्या. "मार्गदर्शन करा" म्हटलं की कुणी हलत नाही. "१२ तारखेला सकाळी ११ ते १, बी.कॉम.च्या आठ मुलांच्या सराव-मुलाखती घ्या, प्रश्नांचा कागद आम्ही देतो" म्हटलं की माणूस येतो. आठच मुलं ठेवा. प्रत्येकाला १५ मिनिटं धरली तरी दोन तास होतात, आणि त्यापुढे घेणारा कंटाळतो.

सोलापूरला यातली मोठी संधी ओजेटीची, म्हणजे ऑन-द-जॉब ट्रेनिंगची आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर मुलांना पहिल्याच वर्षी चार श्रेयांकांचं प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण करावं लागतं. श्रेयांकाला ३० तास धरले तर १२० तास होतात. जागा मिळत नाहीत म्हणून बरीच मुलं कुठूनतरी शिक्का आणतात. तुमच्याच माजी विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जण अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीचे कारखाने चालवतात, चिंचोळीत नोकरी करतात, सीएच्या ऑफिसात किंवा रुग्णालयाच्या हिशोब विभागात आहेत. त्यांच्याकडे देणगी मागण्याआधी दोन जागा मागा. मागताना कागदावर लिहून द्या : मुलगा किंवा मुलगी आठवड्यातून किती दिवस येईल, किती वाजता, काय करेल, काय करणार नाही, हजेरी कोण पाहील, महाविद्यालयातून कोणत्या शिक्षकाला फोन करायचा. टॉवेलच्या युनिटमध्ये निर्यातीची कागदपत्रं लावणं, मालाची नोंद संगणकावर चढवणं, जीएसटीची बिलं तपासणं ही कामं कॉमर्सच्या मुलांना खरंच येतात. लूमच्या खात्यात मात्र प्रशिक्षणार्थीला मशीनवर उभं करायचं नाही, हे आधीच ठरवा. मुलींसाठी जाण्या-येण्याची वेळ आणि बस पाहून जागा निवडा. हे बिघडतं ते पहिल्या आठवड्यात : मालकाला वाटतं फुकट मजूर आला, मुलाला वाटतं सही मिळाली की झालं. आठव्या दिवशी शिक्षकाने एकदा स्वतः जाऊन यावं, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. ज्या कारखानदाराने दोन मुलांना १२० तास सांभाळलं, तो पुढच्या वर्षी कॉलेजची बातमी आपणहून विचारतो.

लांब राहणाऱ्यांसाठी वेगळी कामं आहेत. हैदराबाद, बेंगळुरू, पुण्यात स्थिरावलेल्यांना महिन्यातून एक व्हिडिओ कॉल, ४० मिनिटांचा, एका विषयावर : पहिल्या नोकरीचा पगार कसा ठरतो, बायोडाटात काय नको, भाड्याची खोली घेताना काय पाहायचं. आपल्याकडच्या मुलांना यातलं शेवटचंच सर्वात जास्त लागतं. तेलुगू किंवा कन्नड घरातली मुलं वर्गात बरीच असतील, तर त्या घरांतून पुढे गेलेल्या ताई-दादांना मुद्दाम बोलवा. विडी वळणाऱ्या आईची मुलगी बँकेत अधिकारी झाली, हे त्याच पेठेतल्या मुलीला समोर दिसलं पाहिजे. पण त्यासाठी कुणालाही "गरिबीतून वर आलेली" म्हणून स्टेजवर उभं करू नका. शिष्यवृत्ती घेणाऱ्या आजच्या मुलांना तर मुळीच नको. मोठ्या छापील धनादेशाबरोबर मुलीचा फोटो काढून तो पेपरात देणं, हे आम्हाला चुकीचं वाटतं. देणगीदाराला तिने हाताने लिहिलेलं पत्र द्या, तिची हरकत नसेल तर नावासह. तेवढं भरपूर होतं.

मेळाव्याबद्दल घाबरू नका. पहिल्या वर्षी लोक मित्रांना भेटायला आले आणि भेटून झाले, त्यामुळे दुसऱ्या वर्षी गर्दी ओसरणारच. दरवर्षी सगळ्यांना बोलवायचं थांबवा. पदवीला १०, २५ आणि ४० वर्षं झालेल्या तीन तुकड्या बोलवा, बाकीच्यांना दार उघडं आहेच. पाळी क्वचित येते म्हटलं की लोक रजा टाकून येतात. तारीख संक्रांतीच्या आगेमागे, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत ठेवा. बाहेरगावचा सोलापूरकर सिद्धेश्वर यात्रेला घरी येतोच. पण अक्षता सोहळ्याच्या आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवशी नको. रस्ते बंद असतात आणि निम्मे लोक तिकडेच असतात. त्याला लागून येणारा रविवार पाहा, आणि विद्यापीठाचं परीक्षा वेळापत्रक तपासूनच हॉल ठरवा. मुंबईचे लोक सिद्धेश्वर एक्सप्रेसने सकाळी उतरतात आणि रात्रीच्याच गाडीने परतू शकतात. म्हणून सुरुवात साडेदहाला, जेवण दीडला, चारला मोकळे.

स्टेजवर फक्त ४५ मिनिटं. शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुणे, त्यांचा परिचय, मनोगत यातच दुपार जाते आणि लोक मागच्या मागे निघून जातात. त्याऐवजी प्रत्येक तुकडीला तिच्या जुन्या वर्गात बसवा. त्या वर्षाचा जुना कॅटलॉग, म्हणजे हजेरीपट, कार्यालयातून काढून ठेवा आणि निवृत्त सरांना हजेरी घ्यायला सांगा, रोल नंबर एकपासून. जे गेले त्यांच्या नावाशी सर थांबतील, वर्ग आपोआप उभा राहील. सूत्रसंचालकाची तिथे गरज नाही. पण आदल्या आठवड्यात प्रतिनिधीकडून नावं तपासून घ्या, हयात माणसाच्या नावाशी थांबण्याची वेळ सरांवर येऊ नये. हजेरीनंतर आजची दोन मुलं येऊन त्यांना प्रयोगशाळा आणि अभ्यासिका दाखवतील. दाखवायला शिक्षक नकोत, मुलंच हवीत. जेवणात कडक भाकरी, शेंगाची चटणी, आमटी ठेवा. केटररचा पंजाबी मेनू त्यांना हैदराबादेत रोज मिळतो. जुने शिपाई, प्रयोगशाळा परिचर, ग्रंथालयातले मामा यांना घरी जाऊन निमंत्रण द्या आणि आणायला गाडी पाठवा. जेवणाच्या रांगेत सर्वात मोठा घोळका त्यांच्याभोवती जमतो.

मेळावा संपला की तीन दिवसांच्या आत प्रत्येक तुकडीला तिचेच फोटो, आणि "मी काय करू शकतो" यावर त्या दिवशी त्यांनी जे लिहून दिलं त्याचं उत्तर. तीन आठवड्यांनी पाठवलेल्या उत्तराला काही अर्थ राहत नाही.

पैशाचा भाग आता थोडक्यात, पण काटेकोर. अनुदानित महाविद्यालयाचा पॅन आणि ८०जी नोंदणी (देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी) बहुधा संस्थेच्या नावावर असते. माजी विद्यार्थी संघ वेगळा नोंदवलेला असेल तर त्याचा पॅन वेगळा. धनादेश एकाच्या नावे आणि पावती दुसऱ्याच्या, हा घोळ सगळीकडे होतो. क्यूआर कोड खजिनदाराच्या खासगी खात्याचा असणं, हा दुसरा. दोन्ही आजच तपासा. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ८०जीची सवलत मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत असलेल्या देणगीदाराला ती मुळातच नाही. म्हणून आवाहनात "करसवलत" मोठ्या अक्षरात छापू नका. देणगीदाराचा पॅन आणि पत्ता पावतीच्या वेळीच घ्या, कारण वर्षाचं देणगी विवरण ३१ मेपर्यंत भरावं लागतं आणि त्यातूनच त्याला प्रमाणपत्र निघतं. उशिराला दिवसाला २०० रुपये दंड आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत, पावतीचा नमुना सीएला एकदा दाखवूनच छापा.

परदेशातल्यांचं नीट समजून घ्या. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस अमेरिकेत राहून आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवतो, ती परकी देणगी ठरत नाही, पासपोर्टची प्रत फाईलला लावा. त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) असूनही ती परकी देणगी. एफसीआरए (परकी देणगी नियमन कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं नसेल तर ती घेता येत नाही. "भावाच्या खात्यातून देतो" म्हणाले तरी नम्रपणे नाही म्हणा आणि त्यांना व्हिडिओ कॉलच्या यादीत घ्या.

बक्षीस ठेवींमध्ये आकडा आधी मांडा. वर्षाला ५,००० चं बक्षीस हवं असेल तर साडेसहा टक्क्यांनी सुमारे ७७,००० लागतात. तुम्ही एक लाख घ्या. ६,५०० व्याजातले ५,००० द्या, उरलेले मुद्दलात मिळवा, म्हणजे बक्षिसाची किंमत लवकर झिजत नाही. ही रक्कम कायम निधीची आहे, असं देणगीदाराकडून लेखी घ्या. त्याच कागदावर एक कलम हवं : पुढे व्याज अपुरं पडलं तर काय करायचं, कुणाला विचारायचं. जुन्या पाच हजारांच्या ठेवी तुमच्याकडेही असतील, त्यांचं बक्षीस आज तीन-साडेतीनशे रुपये होतं. त्या घरांना पत्र लिहा. काही जण भर घालतील, काही जण एकत्र बक्षीस करायला संमती देतील, नाव मात्र सगळ्यांचं राहू द्या.

संघ नोंदणीकृत असेल तर आणखी एक पाहा : कार्यकारिणी बदलल्याचा बदल अर्ज ९० दिवसांत धर्मादाय आयुक्त कार्यालयात गेला होता का. नसेल तर बँक नव्या सह्या घेताना अडवते, आणि देणगी आली तरी खर्च करता येत नाही.

आता प्राचार्य. त्यांना नकार देऊ नका, वेगळा कागद द्या. नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग येतो. त्यात देणगी मोजतात, आणि संघाच्या इतर सेवेलाही जागा आहे. मार्चपर्यंत त्यांच्या हातात हे ठेवता येईल : पंधरा हिशोबपत्रांच्या प्रती, ३०० जणांची संमतीसह यादी, ओजेटीच्या जागांची पत्रं आणि हजेरीपट, सराव-मुलाखतींची नोंद. हे खरं असेल, आणि तपासायला येणारी माणसं फोन लावून विचारतात तेव्हा टिकेल. इमारत निधी पुढच्या वर्षी काढा, तोही "इमारतीसाठी" असा मोघम नको. मुलींच्या विश्रांतीकक्षाचं नूतनीकरण किंवा भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेची वायरिंग असं एकच काम, कंत्राटदाराचं अंदाजपत्रक जोडून, आणि पहिलं पत्र ज्यांना हिशोब पोचला आहे त्यांनाच. विद्यापीठाच्या नावाने मागू नका. २००४ आधीच्या पदवीधराला सोलापूर विद्यापीठ आपलं वाटत नाही, त्याला तुमच्या कॉलेजचं फाटक आणि त्याचा विभाग आपला वाटतो. पत्र विभागाच्या नावाने, विभागप्रमुखांच्या सहीने जाऊ द्या.